पाठीची वही

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या रांगोळी गटात प्रत्येक मोठ्या रांगोळीची वही ठेवतात. जागा किती फूट, शिरगोळा (रांगोळीची पांढरी पूड) किती किलो, रंग कोणते, कोण किती वाजता आलं, कुठली रेघ पुसावी लागली. गेली अकरा वर्षं ती वही माझ्याकडे आहे. आज ती उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतली. हे काम माझ्या पाठीचं.

सुरुवात २८ ऑक्टोबरला झाली. वसुबारस होती. ऑफिसातून आल्यावर ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या दारात गाय-वासरू काढायला बसले. गाय पूर्ण झाली, वासराचे कान राहिले होते. उकिडवी बसल्याबसल्याच तपकिरी रंगाचा डबा घ्यायला उजवीकडे वळले आणि कंबरेत अशी चमक निघाली की हातातली चिमूट वासरावरच सांडली. उठता येईना. लेकीने आणि वॉचमनकाकांनी दोन्हीकडून धरून लिफ्टपर्यंत नेलं. कान शेजारच्या मुलीने पूर्ण केले. लक्ष्मीपूजनाला मी पलंगावर होते, आणि दाराबाहेर त्या वर्षी छापाची रांगोळी होती.

मग ऑर्थोपेडिक, एमआरआय, गोळ्या, पट्टा. रिपोर्टात लिहिलंय की कंबरेतल्या एल ४ आणि एल ५ या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आली आहे, शीर दबलेली नाही. गोळ्यांनी ठणका कमी व्हायचा आणि पित्त वाढायचं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, ऑपरेशनचं कारण नाही म्हणाले, चालायला आणि व्यायाम करायला सांगितलं. चालले. व्यायाम केला नाही. वाकलं की कळ यायची, आणि कळ आली की वाटायचं, गादी आणखी सरकली.

नणंदेची मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल ती घरी आली होती. रिपोर्ट वाचून म्हणाली, "मामी, ज्यांची पाठ कधी दुखली नाही अशा पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साठेक टक्के जणांची गादी अशीच फुगलेली दिसते. या शब्दांना घाबरून बसू नकोस." दोन महिन्यांत मला एवढा धीर कुणी दिला नव्हता. ॲक्युपंक्चर करून बघू का, म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "कर. पण सोबत व्यायाम करणार असशील तर."

कामाचं उद्दिष्ट लिहून ठेवते: चैत्रांगण. चैत्रात गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि तितके दिवस तिच्यापुढे रोज चैत्रांगण काढायचं. सासूबाईंनी पस्तीस वर्षं काढलं, २००१ पासून मी काढते. यंदा पाडवा ३० मार्चला, अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. हातात बारा आठवडे आहेत.

८ जानेवारी, बुधवार

मोजमाप. रांगोळीच्या डब्यातलीच टेप घेतली, भाचीने फोनवरून सांगितलं तसं लेकीने मोजलं.

गुडघे न वाकवता खाली वाकले तर बोटांची टोकं जमिनीपासून ४१ सेंटिमीटरवर. मांडी घालून ६ मिनिटं, त्यानंतर उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे ओढ. उकिडवं दीड मिनिट. ऑफिसच्या खुर्चीत सलग ३५ मिनिटं. रात्री कूस बदलताना जाग: चार वेळा.

दहापैकी किती दुखतं, हा आकडा मी रोज लिहिणार नाही. डिसेंबरात तो लिहीत होते, तर दिवसभर लक्ष दुखण्यावरच राहायचं. मिनिटं लिहीन.

११ जानेवारी, शनिवार – पहिली बैठक

त्याआधी एका ठिकाणचं सांगायचं आहे. डिसेंबरात ओळखीतून एका ठिकाणी गेले होते. रिपोर्टाची पिशवी उघडूनही बघितली नाही, "गादी जागेवर बसवून देतो, पंधरा बैठकांचे पैसे आधी भरा" एवढंच. नोंदणी विचारली तर विषय बदलला. तशीच उठून आले. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, आणि उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारणं हा आपला हक्क आहे. विचारायला संकोच वाटतो, पण सुई आपल्याच अंगात जाणार असते.

आजचं क्लिनिक राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत, पहिला मजला. डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर. पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, साखर किती, सुई बघून चक्कर येते का, सकाळी काही खाल्लंय का. मग म्हणाल्या, "लघवीवरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ हॉस्पिटलात जायचं, त्याच दिवशी." हे त्यांनी आधी सांगितलं म्हणून माझा विश्वास बसला.

पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. सुयांचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. एकदाच वापरायच्या, स्टीलच्या, पाव मिलिमीटर जाडीच्या. इंजेक्शनची नेहमीची सुई आतून पोकळ आणि याच्या दुपटीहून जाड असते. ही भरीव आणि केसासारखी, बारीक नळीतून टिचकी मारून आत घालतात. टोचणं डास चावल्याएवढंच.

जे होतं ते नंतर होतं. कंबरेतली सुई त्यांनी बोटांत धरून जराशी फिरवली आणि आत खोलवर एक जड, दाबल्यासारखी कळ पसरली. दुखणं म्हणता येणार नाही. ओल्या वाळूची पिशवी आतून ठेवावी तसं. "जड वाटतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर हात काढला. चिनी वैद्य याला 'दे छी' म्हणतात, सुई लागू पडल्याची ती खूण.

एकूण बारा सुया. कंबरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना, दुसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या पातळीवर. उजव्या कुल्ल्यात एक लांब. दोन्ही गुडघ्यांच्या मागे, घडीच्या मधोमध. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला. बाकीच्या पोटरीला. दुखते कंबर आणि सुई गुडघ्यामागे का, असं विचारलं, तर म्हणाल्या की पाठ-कंबरेसाठी गुडघ्यामागचा बिंदू गाठावा असं जुन्या चिनी वचनातच आहे. हल्लीच्या भाषेत विचारलंत तर सुईमुळे शिरा चाळवतात, मज्जारज्जू आणि मेंदूकडे निरोप जातो, आणि शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं, एंडॉर्फिनसारखी.

पंचवीस मिनिटं दिवा मंद. बाहेर रिक्षांचे हॉर्न, खाली कुणीतरी कोथिंबिरीचा भाव करत होतं. मला झोप लागली.

उठल्यावर फरक? थोडा. जिना उतरताना कठडा धरला नाही. फी ७००, प्रत्येक वेळची त्या वेळी. आठवड्याला दोनदा, दहा बैठका, मग ठरवू असं म्हणाल्या.

१२ जानेवारी, रविवार

काल रात्री छान झोप, आज सकाळपासून कंबर जड आणि आंबलेली. घाबरून भाचीला फोन. एक-दोन दिवस असं होऊ शकतं म्हणाली. चालून आले, तलावपाळीला एक फेरी. दुपारी उतरलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ सासूबाईंनी आणि लेकीने वळले. मी ओट्याशी उभी राहून गूळ चिरला.

सोलापूरहून आईचा फोन. सुया टोचून घेते म्हटल्यावर म्हणाली, "म्हणजे आपल्या कोटणीसांच्या चीनमधली ती?" आमच्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस घरातल्या माणसासारखे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते. १९४२ मध्ये तिथेच गेले, वय अवघं बत्तीस. पण कोटणीस शस्त्रक्रिया करणारे. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि इकडे घेऊन आले. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सोबतच होते ना? मग आपलीच."

२२ जानेवारी, बुधवार – चौथी बैठक

रात्रीची जाग चारवरून दोनवर. मांडी ९ मिनिटं. वाकणं ३६ सेंटिमीटर.

दोन दिवस वाचत होते. लिहून ठेवते, कारण गटातल्या तिघी-चौघी विचारतात आणि मला अर्धवट सांगायचं नाही.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार: औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी बरं वाटलेले पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२, तिसऱ्यात २७.४. म्हणजे सुयांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ जास्त लोकांना बरं वाटलं, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसं बिघडलं नाही. अशा अभ्यासांवरून इंग्लंडच्या नाइस या, उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत त्याला जागा दिली.

हे आकडे आज डॉक्टरबाईंसमोर ठेवले. मनात धाकधूक होती. त्यांनी चश्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. मी तुमची गादी आत ढकलत नाही. दुखणं काही दिवस उतरवते. त्या दिवसांत तुम्ही काय करता त्यावर पुढचं."

मला हे पटलं. आत्तापर्यंत बैठकीनंतरचे दोन बरे दिवस मी जपून बसण्यात घालवत होते, पुन्हा दुखू नये म्हणून. त्यातच ते संपायचे. आता सुईनंतरचे दोन दिवस कामाचे दिवस.

२६ जानेवारी, रविवार

भाची सकाळी आली, तिच्याबरोबर आराखडा केला. रांगोळी उंचावरून सुरू करून हळूहळू जमिनीवर आणायची. पायऱ्या अशा: स्वयंपाकाचा ओटा, उभं राहून. मग सेंटर टेबल, गुडघ्यांवर. मग चौरंग. मग पाट. मग लादी. प्रत्येक पायरीवर सलग २० मिनिटं तीनदा जमली की खालची पायरी.

व्यायाम तीनच. तळहातांवर-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली. त्याच स्थितीत समोरचा एक हात आणि उलट बाजूचा पाय लांब करायचा. आणि पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत वाकायचं, पाठीला केरसुणीचा दांडा लावून. दांडा डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, तिन्हीकडे टेकलेला राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी तीन वेळा सुटला. मी जन्मभर कंबरेतून वाकत आले, मांड्यांच्या सांध्यातून वाकायचं असतं हे एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

ओट्यावर काळा कडप्पा आहे. त्यावरच रेघ ओढून पाहिली. तीन महिन्यांनी चिमूट हातात.

रेघ वाईट आली. याचं कारण लिहायलाच हवं. पाच बोटांची रेघ बोटांनी ओढत नाहीत. बोटं फक्त शिरगोळा सोडतात, अंगठा मागे-पुढे होऊन धार राखतो. मनगट स्थिर. हात पुढे जातो तो खांद्यातून, आणि खांदा पुढे जातो तो कंबरेतून. हातभर लांबीच्या रेघेत निम्मं काम कंबर करते. माझी कंबर धरलेली, म्हणून हात कोपरापर्यंतच पोचायचा, मग मी पाय सरकवायचे, आणि तिथे रेघेला गाठ पडायची. एक मीटरच्या रेघेत पाच गाठी. टेपपेक्षा हे मोजमाप मला जास्त खरं वाटलं. यापुढे दर रविवारी एक मीटरची रेघ आणि त्यातल्या गाठी.

१ फेब्रुवारी, शनिवार – सातवी बैठक

ओटा जमला. २० मिनिटं, तीनदा.

५ फेब्रुवारी, बुधवार – आठवी बैठक

आज सुयांना बारीक तारा लावल्या. सेकंदाला दोन ठोके, मंद करंट. कंबरेत पाण्याचा थेंब पडावा तसं टप टप. घरी आल्यावर मांडी १७ मिनिटं. सलग बसून गटाच्या काकूंशी पाडव्याच्या रांगोळीबद्दल फोन केला आणि वेळ कळलीच नाही. फोन ठेवल्यावर घड्याळ बघितलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

काकूंना वाटत होतं यंदा मी फक्त वही लिहीन. मी म्हटलं, "काकू, मला एक कोपरा ठेवा."

९ फेब्रुवारी, रविवार

बिघडलं. सकाळी शिरगोळा आणायला गेले. दहा किलोचं पोतं रिक्षातून काढताना पाय रिक्षाबाहेर, अंग आत, आणि त्याच स्थितीत वळले. ऑक्टोबरात जसं वळले होते अगदी तसंच. उसण भरल्यासारखी कंबर जागच्या जागी आखडली. रिक्षावाल्या दादांनी पोतं वर आणून दिलं, पैसे घेतले नाहीत.

रेघ ओढली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार – दहावी बैठक

तीन दिवस ऑफिसातून सुट्टी. सोमवारी वाटत होतं की महिन्याचं सगळं पाण्यात गेलं. आज मोजलं तर वाकणं ३३ सेंटिमीटर. ८ जानेवारीला चांगल्या दिवशी ४१ होतं. म्हणजे आजचा वाईट दिवस तेव्हाच्या चांगल्या दिवसापेक्षा बरा. वही नसती तर हे माझ्या लक्षात आलं नसतं.

डॉक्टरबाईंनी आज कंबरेला हातच लावला नाही, सगळ्या सुया पायांना आणि हातांना. ठणक्यावर थेट टोचत नाही म्हणाल्या. दहा बैठका झाल्या. पुढची दहा दिवसांनी, मग लागेल तशी. आणखी दहाचं पॅकेज वगैरे विषयच काढला नाही.

शिरगोळा यापुढे पाच-पाच किलोच्या दोन पिशव्यांत.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल अकरावी बैठक. सेंटर टेबल जमलं, चौरंगावर आले. रेघेत दोन गाठी.

मुंब्र्याहून येणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचीही पाठ दुखते, ती रोज लोकलला उभी येते. तिला मी सुया घे असं सांगितलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे तिची. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार म्हटलं. आणि केरसुणीचा दांडा शिकवला, जेवणाच्या सुट्टीत, स्टोअररूममध्ये.

२ मार्च, रविवार

काल बारावी बैठक. पुढची ठरवलेली नाही.

पाटावर आले. इथे अडतंय. पाट जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे जवळजवळ जमीनच. उकिडवं बसून ५ मिनिटांनंतर कुल्ल्यातली जुनी ओढ परत येते. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, उकिडवी कशाला बसतेस? आम्ही अंगणात एक गुडघा टेकून काढायचो. दर दोन चित्रांनी गुडघा बदलायचा. सारवलेलं अंगण एवढं मोठं असायचं, उकिडवं बसून कुणाचं झालं असतं?"

करून बघितलं. डावा गुडघा खाली, उजवा पाय पुढे, डावा हात उजव्या मांडीवर टेकलेला. पाठ आपोआप सरळ राहते आणि वाकणं मांडीच्या सांध्यातून होतं. भाचीला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन, "मामी, आजीने बरोब्बर सांगितलंय! असंच कर." इतकी वर्षं सासूबाईंच्या शेजारी बसून रांगोळी काढली आणि त्या कशा बसतात हे कधी बघितलं नव्हतं, रेघच बघत राहिले.

१६ मार्च, रविवार

पाट झाला. लादीवर आले. दारासमोरच्या चार लाद्या गेरूने सारवल्या. एक मीटरची रेघ. एक गाठ.

२९ मार्च, शनिवार, रात्री ११:३०

चौकात गटाची पाडव्याची रांगोळी, वीस फूट बाय वीस. संध्याकाळी पाच ते दहा. मला खालचा उजवा कोपरा, चार फूट बाय चार: कमळाची वेल आणि गोपद्मांची ओळ.

चाळणीने रंग भरण्याचं काम उभ्याने वाकून करावं लागतं. ते मी घेतलं नाही, रेघा घेतल्या. मुलींनी रंग भरला, मी एक गुडघा टेकून पांढऱ्या रेघा. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं चालणं, चौकापासून गावदेवी मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. एकूण रेघा ओढण्याचा वेळ १ तास ५० मिनिटं. शेवटच्या अर्ध्या तासात कंबर जड, कळ नाही.

काकू माझ्या कोपऱ्यावर वाकून म्हणाल्या, "रेघ बदललीय तुझी. आधी घाईची असायची."

वहीच्या पुढच्या बाजूला शिरगोळ्याचे आकडे लिहिले. पाने दोन्हीकडून मधे येत चालली आहेत.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढी. कंबर आंबलेली, पण उठता-बसता येतंय. स्वागतयात्रेतून पुढे येणाऱ्या ढोलांचा आवाज गॅलरीपर्यंत. गौर उद्या-परवा बसेल. पितळी झोपाळा चिंचेने घासला.

६ एप्रिल, रविवार

रोजचं चैत्रांगण चालू आहे. पहाटे साडेपाचला, पंखा बंद करून, गौरीपुढच्या लादीवर. मधोमध झोपाळ्यातली गौर, वर सूर्य-चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्मं, मोर, कैरी, फणी-करंडा, आरसा. पहिल्या दिवशी ३८ मिनिटं लागली, आज ३१. दर दोन चित्रांना गुडघा बदलते.

एकाच दिवशी मनात आलं की आज नको, ठिपक्यांचा कागद ठेवून भागवू. गुरुवारी. आदल्या दिवशी ऑफिसात तिमाही संपल्याचं काम होतं, सलग तीन तास खुर्चीत बसले होते आणि सगळी पाठ धरली होती. त्या दिवशी चैत्रांगणच काढल्यावर पाठ सुटली. पाच महिन्यांपूर्वी याच हालचालीने मी आडवी पडले होते.

१९ एप्रिल, शनिवार

घरी हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बावीस बायका आल्या. डॉक्टरबाईही आल्या, त्यांना बोलावलं होतं. गौरीपुढे बसून चैत्रांगण बराच वेळ बघत राहिल्या. कासवाची पाठ कशी काढतेस म्हणून विचारलं. मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या. मी त्यांच्या हातात चिमूट दिली. सुई ज्या हलक्या हाताने फिरवतात त्याच हाताने त्यांनी शिरगोळा सोडला. तिसऱ्या प्रयत्नात त्यांची रेघ अखंड आली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. शेवटचं चैत्रांगण. एकही दिवस खाडा नाही.

मोजमाप: वाकणं १९ सेंटिमीटर. मांडी ४५ मिनिटं, पुढे मोजलं नाही. उकिडवं ७ मिनिटं, ते वाढवायचा हट्ट सोडला आहे. खुर्ची दीड तास, पण मीच पाऊण तासाने उठते. रात्रीची जाग नाही. बैठका बारा, खर्च ८४००.

१५ जून, रविवार

दीड महिना वही उघडली नव्हती. मागच्या सोमवारी काही कारण नसताना कंबर धरली. पोतं नाही, वळणं नाही, झोपेतून उठले ती तशीच. बुधवारी जाऊन एक बैठक घेतली. यावेळी सुयांनी काही फरक पडला नाही, पुढच्या दोन्ही रात्री तशाच. शुक्रवारपासून आपोआप उतरलं, चालणं आणि मांजराचा व्यायाम सोडला नव्हता. डॉक्टरबाईंना फोन करून हे सांगितलं. म्हणाल्या, "होतं असं. लिहून ठेव."

म्हणून लिहिलं.

पाऊस यंदा २६ मेपासूनच आहे. पॅसेजमध्ये छत्र्यांचं पाणी साचतं, दाराबाहेरची लादी सुकत नाही. सासूबाईंनी कोनाड्यातून जुना पाट काढला, मी त्याला गेरू लावला. आज त्यावर गोपद्मं काढली, चातुर्मास लागायच्या आधी हात बसावा म्हणून. एक मीटरची रेघ पाटावर मावत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ओढली, ७० सेंटिमीटर. गाठ नाही.